खोड सांगून विकणे आहे

आमचे आजोबा खरसुंडीच्या बाजारात बैल घ्यायला निघाले की घरून स्वतःचं दावं घेऊन जायचे. बैल मनास आला नाही तर तेच दावं खांद्यावर टाकून परत यायचे. सलग तीन बाजार त्यांनी असे कोरडे काढल्याची नोंद आमच्या घराण्यात आहे. बैलाचा जबडा उघडून दात बघायचे. आदत आहे, दुसा आहे, चौसा आहे की जुळलेला? अंगावरचे भोवरे बघायचे. चालवून, बसवून, उठवून बघायचे. आणि हेड्याच्या उपरण्याखाली हात घालून बोटांच्या खुणांनी भाव ठरवण्याआधी मालकाला शेवटचं विचारायचे, "खोड काय?"

खोड सांगूनच विकायची, असा त्यांचा आग्रह असे. मारका आहे, पाण्यात बसतो, शेजारच्या जोडीदाराला ढकलतो. खोड सांगितली की भाव उतरायचा, पण पुढचं भांडण मिटायचं.

त्याच आजोबांचा मी थेट नातू. आणि गेल्या दिवाळीत, दोन दुभत्या शेळ्या आल्या असत्या एवढ्या किमतीचा फोन मी अंथरुणात उताणा पडून, चष्मा कपाळावर ठेवून, एका अनोळखी माणसाकडून घेत होतो. जबडा उघडणं सोडाच, मी त्याचा फोटोसुद्धा मोठा करून बघितला नव्हता.

खरं तर मला फोनची गरज नव्हती. गरज होती ती सफरचंदाची. आमच्या ऑफिसात मीटिंगला सगळे फोन टेबलावर पालथे ठेवतात. वर्षभर मला वाटत होतं की ही शिस्त आहे. मग उमगलं, फोन पालथा ठेवला की मागचं सफरचंद वर येतं. माझा फोन पालथा ठेवला की कव्हरमधली बसच्या पासची झेरॉक्स वर यायची. साहेबांनी एकदा ती वाचून मला विचारलं होतं, "तुम्ही धनकवडीला राहता का?"

आयफोन 13 भारतात सप्टेंबर 2021 मध्ये आला तेव्हा 79,900 रुपयांना होता. दिवाळीत तोच ॲपवर कोणी अठ्ठावीसला देत होतं, कोणी पंचवीसला. बावन्न हजार वाचवले असं मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, घेतलाच नाहीत तर ऐंशी वाचतील." पण बायकांना हिशोबातली गंमत कळत नाही.

या जाहिरातींची भाषा शिकायलाच मला आठवडा लागला. 'सिंगल हँड यूज' म्हणजे एका हाताने वापरलेला, असं मी समजत होतो आणि बिचाऱ्याच्या दुसऱ्या हाताला काय झालं असेल म्हणून हळहळलोही होतो. मुलाने सांगितलं, एकाच मालकाने वापरलेला. 'लेडीज यूज' म्हणजे जपून वापरलेला. हे पहिल्यांदा लिहिणारा माणूस अविवाहित असणार. आमच्याकडचा लेडीज यूज फोन परातीला टेकून मालिका दाखवतो. उलटा करून ठोकला तर स्पीकरमधून एका पोळीची कणीक निघेल. 'कंडिशन टेन बाय टेन' म्हणजे काच फुटली आहे, पण फोटो अशा कोनातून काढला आहे की ती प्रकाशाची तिरीप वाटावी. 'अर्जंट सेल' आठ महिन्यांपूर्वीची होती. आणि प्रत्येक जाहिरातीच्या तळाशी 'नो टाइमपास प्लीज' असायचं, ते बहुधा मला उद्देशून.

"अजून आहे का?" मी विचारायचो.

"आहे."

"शेवटचा भाव?"

"लिहिलाय तोच."

"तरी?"

"तरी तोच."

"बरं, पण फायनल काय?"

यानंतर समोरचा मला ब्लॉक करायचा. दोन दिवसांत मी पुणे जिल्ह्यातल्या बऱ्याच विक्रेत्यांसाठी अस्तित्वात उरलो नव्हतो.

अशा पडत्या काळात जवान भेटला. जाहिरात एकोणीस हजारांची. फोटोत गणवेश, मागे बर्फाचा डोंगर. "नमस्ते सर, जय हिंद." मी उताणा होतो तो उठून बसलो. त्याची बदली झाली होती आणि 'सामान ले जाना अलाउड नहीं है सर'. रणगाडा नेता येतो, पण पावणेदोनशे ग्रॅमचा फोन नेता येत नाही, हे मला तेव्हा जराही खटकलं नाही. त्याने ओळखपत्राचा फोटो पाठवला, कँटीनच्या कार्डाचा पाठवला, खाकी कागदात गुंडाळलेल्या पार्सलचाही पाठवला. ज्या माणसाकडे एवढे कागद आहेत तो खोटं कसं बोलेल? खऱ्या माणसाकडे इतके कागद कधीच वेळेवर सापडत नाहीत, हे उलटं गणित मला नंतर सुचलं.

पार्सल छावणीबाहेर काढायला गेट पास लागत होता. अकराशे पन्नास, 'रिफंडेबल'. मी भरले. मग जीएसटी निघाला, पाच हजार सातशे पन्नास. तोही 'रिफंडेबल'. मी जरा घुटमळलो तेव्हा तो म्हणाला, आधी तुमचे जुने पैसे परत घ्या सर, म्हणजे विश्वास बसेल. क्यूआर कोड पाठवला. स्कॅन करा, पिन टाका, पैसे वापस.

रात्री साडेबाराला पाणी प्यायला उठलेला मुलगा माझ्या मागे येऊन उभा राहिला.

"बाबा, काय करताय?"

"पैसे घेतोय."

"पिन टाकून?"

"हो. परत येतायत ना."

त्याने फोन हिसकावला. यूपीआय 2016 साली आलं. तेव्हापासून कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींना ते कसं वापरायचं हे शिकवल्याचं श्रेय मी घेत आलोय. त्या मावशींनाही ठाऊक असलेली गोष्ट माझ्या मुलाने मला रात्री पाण्याचा तांब्या हातात धरून समजावली. पिन लागतो तो पैसे द्यायला. घ्यायला पिन लागत नाही, काही स्कॅनही करावं लागत नाही. घरी येणारी लक्ष्मी दार उघडायला सांगेल, तिजोरीची किल्ली मागणार नाही.

तेवढ्यात मेसेज आला. "सर, आपको फौज पे भरोसा नहीं?"

मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की मी 'सॉरी' लिहून पाठवलं. मुलगा माझ्याकडे बघतच राहिला.

त्यानेच 1930 हा नंबर लावून दिला. सायबर फसवणुकीची तक्रार इथे जितकी लवकर कराल तितकी पैसे वाटेत अडवता येण्याची आशा जास्त. पलीकडच्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "किती रक्कम गेली?"

"अकराशे पन्नास."

"लाख?"

"नाही, नुसतेच."

त्या बाईंनी तक्रार नीट उतरवून घेतली, पण मला उगाच त्यांचा वेळ घेतल्यासारखं वाटलं. आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांचे शेअर्सच्या कुठल्याशा ग्रुपवर साडेतीन लाख गेले. तेव्हापासून त्यांना मान आहे. गणेशोत्सवात सायबर सुरक्षेवर त्यांचं व्याख्यान झालं, शाल मिळाली, नारळ मिळाला. माझी बातमी कळल्यावर त्यांनी जिन्यात माझ्या खांद्यावर हात ठेवला. "अकराशे का? असू दे. सुरुवात आहे."

पुढच्या फेरीला मी आजोबांच्या तयारीने निघालो. मुलाने कागद लिहून दिला, सिमचा ट्रे उघडायची पिन दिली, पॉवर बँक आणि केबल दिली. बायकोने पाण्याची बाटली दिली आणि बजावलं, उजेडात भेटा, चारचौघांत भेटा, वस्तू हातात आल्याशिवाय दमडी देऊ नका. फोन विकणारा हडपसरचा मुलगा म्हणत होता, रात्री साडेनऊला पुलाखाली या. मी म्हणालो, दुपारी बाराला बँकेच्या दारात. तिथे कॅमेरा असतो आणि बंदुकीवाले काका असतात. काका स्टुलावर डुलक्या घेत असतात हा भाग वेगळा.

मुलगा आला, पण गाडी बंद करेना. इंजिन सुरू, एक पाय जमिनीवर. मी फोनला केबल लावली. चार्ज होत होता. मग कागद काढला. फोनवर *#06# दाबलं की पंधरा आकडी आयएमईआय नंबर दिसतो, तो बिलावरच्या नंबराशी जुळायला हवा. शेवटचे चार आकडे जुळेनात.

"बिल भावाच्या फोनचं आलं वाटतं," तो म्हणाला. "पण भाऊ सेमच आहे."

"फोन सेम आहे की भाऊ?"

"दोन्ही."

आता मला चेव आला. 'केवायएम' आणि पुढे तो नंबर लिहून 14422 वर मेसेज टाकला. 2023 च्या मे महिन्यात सरकारचं संचार साथी पोर्टल सुरू झालं. हरवलेल्या, चोरीच्या फोनची तक्रार झाली की त्याचा नंबर देशभर बंद करता येतो, आणि एका मेसेजवर आपल्याला ते कळतं. उत्तर आलं, ब्लॅकलिस्टेड. मी ते वकिली थाटात मोठ्याने वाचलं. काका जागे झाले. मुलाने फोन ओढला आणि गाडी सोलापूर रोडला लागली.

दहा सेकंद मला वाटलं, आपण चोर पकडला. मग हातातल्या पॉवर बँकेकडे लक्ष गेलं. केबल फोनबरोबरच गेली होती. पिनही. आजोबा तीनदा बैलाशिवाय परत आले, पण दावं त्यांनी एकदाही गमावलं नव्हतं.

मधल्या दोन-तीन फेऱ्यांचं फार सांगत नाही. वाकडला एकाचा फोन झकास होता, फक्त आधीचा ॲपल आयडी निघत नव्हता. तो निघाल्याशिवाय असा फोन म्हणजे महागडा पेपरवेट.

"पासवर्ड कोणाकडे आहे?"

"एक्सकडे."

"मग विचारा ना."

"तिने ब्लॉक केलंय."

मी त्याला चहा पाजला. मलाही लोक ब्लॉक करत होते. दुःख ओळखीचं होतं.

कात्रजच्या एकाच्या फोनमध्ये सेटिंगमध्ये जाऊन 'अबाउट' उघडलं तर डिस्प्लेपुढे 'अननोन पार्ट' असं येत होतं. तो म्हणाला, कंपनीलाच माहीत नाही तर मला काय माहीत? त्याच्याच सिमच्या खाचेत टॉर्च मारला. तिथे एक पांढरा ठिपका असतो, पाणी लागलं की तो लाल होतो. याचा कुंकवासारखा झाला होता.

"पाण्यात पडला होता?"

"पाण्यात नाही साहेब," तो प्रामाणिकपणे म्हणाला. "मिसळीत."

आणि मग चिंचवडच्या काकूंची जाहिरात दिसली. जशीच्या तशी देतो: 'आयफोन 13. मला झेपत नाही. बॅटरी 84. एकदा डाव्या कोपऱ्यावर पडला आहे. रात्री कधी कधी आपोआप आवाज बारीक होतो. सत्तावीस हजार. कमी होणार नाहीत. कारण विचारू नये.' खोड सांगून विकणारं माणूस! मी स्वारगेटहून मेट्रो धरली.

काकूंनी मला घरात घेतलं नाही. गेटजवळच्या वॉचमनच्या केबिनमध्ये बैठक भरली. एक स्टूल, त्यावर फोन. एका बाजूला काकू, दुसऱ्या बाजूला मी, मध्ये वॉचमन.

"पूर्ण नाव?" काकूंनी सुरुवात केली. "नोकरी कुठे? फोन कोणासाठी?"

"माझ्यासाठीच."

"या वयात?"

मी आधार कार्ड दाखवलं. मुलाने पहिले आठ आकडे झाकलेलं कार्ड काढून दिलं होतं.

"हे झाकलंय का? लपवण्यासारखं काय आहे?"

"सुरक्षिततेसाठी, काकू."

"कोणाच्या?"

गेला महिनाभर मी लोकांकडे ज्या नजरेने बघत होतो, ती नजर समोरून आल्यावर कशी लागते ते मला तेव्हा कळलं. तरी मी कागद काढला. मॉडेल नंबरचं पहिलं अक्षर बघितलं. 'एम' असेल तर दुकानातून नवा घेतलेला, 'एफ' असेल तर कंपनीने दुरुस्त करून पुन्हा विकलेला, 'एन' असेल तर बदलून दिलेला. 'एम' निघालं. जुळलेला बैल नाही, चौसा. सिमचा ट्रे बघायला पिन नव्हती, ती हडपसरला गेली होती. काकूंनी बांगडीला अडकवलेल्या जुडग्यातली एक सेफ्टी पिन काढून दिली आणि "परत द्या हं" असं म्हणाल्या. ठिपका पांढराशुभ्र.

"झालं बघून? लेकाने घेऊन दिलाय, चोरून नाही आणलेला."

आता पैसे. आधी मी एक रुपया पाठवला. समोर काकूंचं नाव नीट उमटलं. त्यांच्या फोनवर मेसेज आला.

"मेसेज काय, कोणीही पाठवतं," काकू म्हणाल्या. "खोटे मेसेज, खोटे स्क्रीनशॉट, सगळं मी वाचलंय. खात्यात किती आहेत ते बघते. तुम्ही पाठ करा."

मी पाठ केली.

"तुम्हीपण," त्या वॉचमनला म्हणाल्या.

चार बाय सहाच्या त्या केबिनमध्ये आम्ही तिघं तीन भिंतींकडे तोंड करून उभे होतो. बाहेरून गॅसवाला आला, आत डोकावला आणि नोंद न करताच पुढे गेला. काकू पिन दाबत होत्या, चुकत होत्या, पुन्हा दाबत होत्या.

"एक रुपयाने वाढलेत," अखेर निकाल लागला.

मी उरलेले सव्वीस हजार नऊशे नव्याण्णव पाठवले. आणि चक्र फिरू लागलं. 'प्रोसेसिंग'. पाच मिनिटं. दहा मिनिटं. माझ्या खात्यातून पैसे निघाले होते, काकूंच्या खात्यात पोचले नव्हते. फोन स्टुलावर, ना त्यांचा ना माझा. मी हात पुढे केला की काकू खाकरायच्या, त्यांनी केला की मी. शेवटी वॉचमनने त्यावर आपली टोपी ठेवली आणि म्हणाला, "आता जप्ती."

तेवढ्या वेळात काकूंनी त्यांच्या गुडघ्याचं सांगितलं, मी माझ्या साखरेचं सांगितलं. त्यांचा मुलगा कॅनडाला असतो. फोन त्याने बोलायला म्हणून घेऊन दिला होता, पण बोलणं होतं रविवारी दहा मिनिटं, त्याला कुठलाही फोन चालतो. कारण विचारू नये म्हणाल्या होत्या, ते त्यांनीच सांगितलं. मी केबिनच्या खिडकीतून बाहेर बघितलं.

टुण्ण. आले. पुन्हा तीन भिंती, पुन्हा खातं. मग आयडी काढायचा पासवर्ड हवा होता. तो दुधाच्या हिशोबाच्या वहीत होता आणि वही देवघरात. वॉचमन जाऊन घेऊन आला. सगळं पुसलं गेलं आणि पडद्यावर निरनिराळ्या भाषांत नमस्कार उमटू लागले.

"नातवाचे फोटो गेले का यातले?"

"दुसऱ्या फोनवर घेतलेत ना?"

"घेतलेत. तरी."

मग त्यांनी कॅलेंडरच्या मागच्या पानावर पावती लिहिली. फोन पाहून, तपासून, स्वखुशीने घेतला, नंतर कुरकुर चालणार नाही. पंधराच्या पंधरा आकडे माझ्याकडून दोनदा वाचून घेतले. साक्षीदार म्हणून वॉचमनने सही केली.

"चार्जर?" मी चाचरत विचारलं.

"तो कंपनीने दिलाच नव्हता. मी वेगळा घेतलाय, तो माझा." 12 पासून या फोनच्या खोक्यात चार्जर येत नाही, हे मला माहीत होतं. दावं ज्याचं त्याने आणायचं. "कव्हर मात्र घेऊन जा, फुकट."

कव्हरच्या मागे गजानन महाराज होते.

सोमवारी मीटिंगला मी ऐटीत फोन पालथा ठेवला. साहेब बघत राहिले. मग त्यांनी हळूच हात जोडले. मीटिंग संपल्यावर तिघांनी येऊन 'जय गजानन' केलं, एकाने शेगावला कधी निघताय विचारलं. कव्हर काढावं असं मनात येतं, पण महाराजांना कुठे ठेवायचं? ड्रॉवरमध्ये? बायको म्हणाली, "हात तर लावून बघा." सफरचंद त्यांच्या पाठीमागे सुखरूप आहे. मला ते आहे हे माहीत आहे, तेवढंच.

राहिला माझा जुना फोन. तो विकायला काढायचा म्हणून परवा रात्री जाहिरात लिहायला बसलो. काकूंची जाहिरात डोळ्यांसमोर होती, आजोबा मनात होते. खोड सांगूनच विकायचा असं ठरवलं आणि बायकोला विचारलं, काय काय लिहू? ती कणीक मळता मळता सांगू लागली. संध्याकाळी त्याला ऐकू येत नाही. पाऊस पडला की गरम होतो. जोराने हसलं की बंद पडतो. मध्येच कोणालाही फोन लावतो, मागे तुमच्या साहेबांना लावला होता. मी दोन ओळी लिहिल्या, वाचल्या, खोडल्या. असल्या बैलाला आजोबांनीसुद्धा दावं लावलं नसतं.

शेवटी लिहिलं: 'सिंगल हँड यूज. कंडिशन टेन बाय टेन. नो टाइमपास प्लीज.'

त्यातलं सिंगल हँड तसं खोटं नाही. दुसऱ्या हातात कायम चहाचा कप असायचा. सिमच्या खाचेत टॉर्च मारला की दिसतंच ते.